शेजारच्या बागेचा डोस

द्राक्षपट्ट्यात खताचं वेळापत्रक हातोहात फिरतं. शेजाऱ्याचा माल चांगल्या भावानं गेला की त्याचा कागद आपल्या खिशात येतो, आणि कागदासोबत काही समजही.

पहिला समज : थॉम्पसन काय नि शरद काय, एकरी नत्र सारखंच. खरं तर नत्र उचलतं ते मूळ, आणि कलमी बागेत मूळ वाणाचं नसतं, खुंटाचं असतं. डॉगरिज हा दांडगा खुंट. त्यावरचा थॉम्पसन तेवढ्याच युरियावर ११० आर खुंटावरच्या थॉम्पसनपेक्षा जास्त माजतो. म्हणून वाणाआधी खुंट विचारा. वाणाचा फरक आहेच. थॉम्पसन मुळातच जोमाचा, तर फ्लेम किंवा क्रिमसनसारख्या रंगीत वाणांत नत्र जास्त झालं की मण्यांना रंग नीट चढत नाही.

दुसरा समज जास्त महाग पडतो : बाग हिरवीगार म्हणजे बाग खुशीत. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा पाया पडतो. त्या दिवसांत भर दुपारी मांडवाखाली उभं राहून जमिनीकडे बघा. उन्हाचे कवडसे दिसत नसतील तर डोळे अंधारात आहेत. नत्रानं शेंडे धावत राहतात, सावली वाढते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर घडाच्या जागी बाळी निघते. मग 'घड जिरले' म्हणून औषधवाल्याला शिव्या! चूक मे-जूनमधली असते.

पानं पिवळी पडली की युरिया टाका, असंही सर्रास सांगतात. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीची, आणि युरियानं ती हटत नाही.

युरियानं मणी फुगतो म्हणणाऱ्यांनी जीए (जिबरेलिक ॲसिड) आणि विरळणी आठवावी; मणी फुगतो तो त्यांनी.

आणि विहिरीचं पाणी फुकटचं नत्र देतं, हे कुणी हिशेबात धरत नाही. लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर १० लाख लिटर पाण्यातून सुमारे ११ किलो नत्र बागेत जातं. म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या गोणीतल्या नत्राच्या निम्म्याहून थोडं जास्तच. एक टन द्राक्षं वेलीतून जेमतेम दीड-दोन किलो नत्र नेतात.

तेव्हा गोणी फोडण्याआधी देठ परीक्षण करून घ्या. नमुन्याच्या पिशवीवर वाण, खुंट आणि छाटणीची तारीख लिहा. थॉम्पसन आणि शरदची देठं मात्र एकाच पिशवीत भरू नका.