घाटरस्त्यासाठी पिकअप कोणती?

मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या पठारावर भात, नागली, वरई पिकते. माल घेऊन खोडाळ्यामार्गे कसाऱ्याकडे निघालं की वळणांचा घाटरस्ता लागतो. पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडून पाड्याकडे वळलात, तर चिखल नि ओहोळ. त्यातून आजारी माणूसही न्यावा लागतो. तेव्हा इथं गाडी घेणं म्हणजे हौस नव्हे.

मग गाडी कोणती घ्यावी? परदेशी नाव ऐकलं की आपण भुलतो. टोयोटाची हायलक्स पश्चिम आफ्रिकेच्या लाल मातीच्या रस्त्यांवर नावाजलेली. ती भारतात २०२२ साली विक्रीला आली. परंतु तिकडे तिचं नाव झालं ते केवळ इंजिनाच्या जोरावर नव्हे. तिचे सुटे भाग बाजारात मिळतात आणि गावचा मिस्त्री तिला ओळखतो, हेही त्याचं कारण. आपल्याकडे मिळणारी हायलक्स दोन रांगांच्या बैठकीची. ओझं मात्र अर्ध्या टनाच्या आतलंच. बोलेरो पिकअप दीड टनाच्या घरातला माल उचलते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत विलीज जीपचे भाग बाहेरून आणून मुंबईत जोडले जात. त्या जीपच्या मागोमाग तिची दुरुस्ती जाणणारे हातही खेडोपाडी तयार झाले. निवडीचं खरं सूत्र हेच, बरं का! गाडी दुरून आली तरी चालेल, पण तिचा सुटा भाग जवळ मिळाला पाहिजे. ऐन हंगामात एका भागासाठी गाडी तीन आठवडे उभी राहिली, तर हप्ता काही थांबत नाही.

आता तपासायचं काय? गाडीचं पोट जमिनीपासून पुरेसं उंच आहे ना, मागचे पाटे दणकट आहेत ना, हे आधी बघा. साधी पिकअप मागच्या चाकांनी ओढते. रिकामी असली की ती चाकं हलकी पडतात नि चिखलात जागीच फिरतात. पाड्यावर रोजचं जाणंयेणं असेल, तर चारही चाकांना जोर देणारी गाडी पाहावी. नुसतं डांबरी रस्त्यानंच जायचं, तर तो खर्च कशाला?

उतारावर केवळ ब्रेकवर भिस्त ठेवू नये. ब्रेक तापले की पकड सुटते. गाडी खालच्या गियरमध्ये ठेवली म्हणजे इंजिनच तिला आवरून धरतं. ओहोळाला पाणी चढलं असेल, तर थांबावं. हवेच्या वाटेनं पाणी इंजिनात शिरलं की दट्ट्याला ते दाबता येत नाही. त्याचा दांडाच वाकतो.

म्हणून सौदा करण्यापूर्वी नेमानं ठरलेलं वजन भरून गाडी घाटात चढवून आणि उतरवून पाहावी. मग आपल्या मिस्त्रीला एकच विचारावं: “ही बिघडली, तर उद्या चालू करशील का?” त्याचं उत्तर ऐकूनच पैसे मोजावेत.