बाहेर पडतानाचा हिशेब

ऑस्ट्रेलियात राहते घर विकून ‘रिटायरमेंट व्हिलेज’मध्ये, म्हणजे निवृत्तांसाठी बांधलेल्या वसाहतीत राहायला जाणारी व्यक्ती बहुधा तेथील घराची मालक होत नाही. ती व्यक्ती वसाहत चालवणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला एक मोठी रक्कम देते, त्या बदल्यात दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने किंवा परवान्याने राहण्याचा हक्क मिळवते आणि बाग, सभागृह, व्यवस्थापक यांच्या खर्चासाठी दरमहा वर्गणी भरते. या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाची अट मात्र घर सोडताना लागू होते. ही अट ‘डिफर्ड मॅनेजमेंट फी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शुल्काची असते; ते म्हणजे वर्षानुवर्षे साठत जाणारे आणि शेवटी एकदम कापून घेतले जाणारे व्यवस्थापन शुल्क होय. समजा, कोणी प्रवेशाच्या वेळी पाच लाख डॉलर भरले आणि करारात दर वर्षी पाच टक्के, कमाल सहा वर्षांपर्यंत, असे शुल्क ठरले असेल, तर सहा वर्षांनी दीड लाख डॉलर वजा होतात. उरलेल्या साडेतीन लाखांतूनही रंगरंगोटी, नवा गालिचा, स्वयंपाकघराची डागडुजी आणि पुनर्विक्रीचे कमिशन वळते केले जाऊ शकते, आणि घराला नवा रहिवासी मिळेपर्यंत ही रक्कम हाती येईलच असे नसते. शुल्क उशिरा घेतले जात असल्यामुळे प्रवेशाची किंमत आवाक्यात राहते, हा या पद्धतीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद खोटा नाही. अडचण एवढीच की पंचाहत्तरीच्या घरात सही करणाऱ्या माणसाला हा हिशेब शेवटी किती होईल हे क्वचितच नीट सांगितले जाते.

जून २०१७ मध्ये एबीसी या सार्वजनिक वाहिनीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमाने अशा करारांची आणि बाहेर पडतानाच्या कपातींची कहाणी मांडल्यावर देशभर गदारोळ झाला. न्यू साउथ वेल्स राज्याने कॅथरिन ग्राइनर यांच्याकडे चौकशी सोपवली आणि २०१७ च्या अखेरीस त्यांनी १७ शिफारशींचा अहवाल दिला. सरकार आता कायद्याचा बडगा उचलणार हे दिसू लागताच उद्योगानेही हालचाल केली: प्रॉपर्टी कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया ही मालमत्ता क्षेत्राची संघटना आणि लीडिंग एज सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया ही वृद्धसेवा पुरवणाऱ्यांची संघटना यांनी मिळून निवृत्तांच्या वसाहतींसाठी ऐच्छिक आचारसंहिता तयार केली, आणि ती १ जानेवारी २०२० पासून अमलात आली. ऐच्छिक म्हणजे जी संस्था तिच्यावर सही करील तिलाच ती बांधील, इतरांना नाही. जाहिरात कशी करावी, प्रवेशापूर्वी कोणती माहिती द्यावी, तक्रार कशी हाताळावी, रहिवासी बाहेर पडताना त्याच्याशी कसे वागावे, या बाबी अशा संहितेच्या कक्षेत येतात.

अशा संहितेची गरज समजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील अधिकारांची वाटणी लक्षात घ्यावी लागते. आजारी वा परावलंबी वृद्धांची शुश्रूषा करणारी निवासी केंद्रे केंद्र सरकारच्या अखत्यारीत असून, २०१८ ते २०२१ या काळात बसलेल्या शाही चौकशी आयोगाचा रोखही त्यांच्याकडेच होता. निवृत्तांच्या वसाहती मात्र प्रत्येक राज्याच्या वेगळ्या कायद्याखाली येतात. व्हिक्टोरियाचा कायदा १९८६ चा, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडचे १९९९ चे, दक्षिण ऑस्ट्रेलियाचा २०१६ चा. शिवाय जमीन भाड्याने घेऊन त्यावर स्वतःचे घर ठेवण्याची सोय असलेल्या वसाहतींना आणखी निराळे कायदे लागू होतात. चार राज्यांत वसाहती चालवणाऱ्या कंपनीला आणि मेलबर्नहून ब्रिस्बेनला मुलीजवळ राहायला जाऊ पाहणाऱ्या आजोबांना एकच किमान दर्जा हवा असेल, तर तो आज संहितेखेरीज दुसरीकडून येण्यासारखा नाही.

परंतु संहिता लिहून झाली की ती जुनी होऊ लागते, आणि या संहितेच्या बाबतीत हे फार लवकर घडले. ती अमलात येण्याआधीच न्यू साउथ वेल्सने जुलै २०१९ पासून चालकांसाठी सक्तीचे आचारनियम लागू केले. पुढे २०२१ पासून घर सोडल्यानंतर सामायिक सेवांची वर्गणी ४२ दिवसांपलीकडे आकारण्यास बंदी आली आणि महानगर क्षेत्रात सहा महिन्यांनंतर, अन्यत्र बारा महिन्यांनंतर, घर विकले गेले नसले तरी आपली रक्कम मागण्याचा मार्ग माजी रहिवाशाला मिळाला. क्वीन्सलँडने २०१७ मध्येच यासाठी १८ महिन्यांची मर्यादा घातली होती. नोव्हेंबर २०२३ पासून तर प्रमाणित करारातील अन्यायकारक अटी केवळ निरर्थक न ठरता देशभर दंडनीय ठरल्या. दरम्यान संहितेच्या दोन जनकांपैकी लीडिंग एज सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया ही संघटना २०२२ मध्ये आणखी एका संघटनेशी विलीन होऊन नव्या नावाने उभी राहिली. ज्या राज्यात कायदा संहितेच्या पुढे गेला आहे तेथे जुने कलम निव्वळ शोभेचे उरते. आणि जेथे कायदा मागे आहे तेथे रहिवाशाला त्याच कलमाचा काय तो आधार असतो. म्हणून संहितेत सुधारणा करताना सर्वांत पुढे गेलेल्या राज्याची पातळी सर्वांना लावायची की सर्वांना झेपेल अशी मधली पातळी शोधायची, हा खरा वादाचा मुद्दा ठरतो. संघटनांचा ओढा साहजिकच मधल्या पातळीकडे असतो.

येथे एक मर्यादा आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून बाहेर पडतानाच्या शुल्काचा दर ठरवला, तर तो स्पर्धा कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे शुल्क किती घ्यावे याविषयी संहितेला बोलणे जड जाते आणि ते कसे सांगावे यावरच तिला भर द्यावा लागतो. सौजन्य, पारदर्शकता, आदर हे शब्द अशा दस्तऐवजांत मुबलक आढळतात आणि आकडे दुर्मिळ असतात, याचे एक कारण हेही आहे. तरीही उघड माहितीची सक्ती क्षुल्लक मानू नये. दोन, पाच आणि दहा वर्षांनी घर सोडल्यास हाती नेमके किती पडेल याचा तक्ता सहीपूर्वी एका पानावर द्यावा लागला, तर पन्नास पानी करारापेक्षा तो अधिक काम करील.

अंमलबजावणीचा प्रश्न याहून अवघड आहे. ऐच्छिक संहितेचा भंग करणाऱ्याला संघटना फार तर स्वाक्षरीकर्त्यांच्या यादीतून काढू शकते, आणि यादी लहान झाली तर संघटनेचेच वजन कमी होत असल्याने असे पाऊल उचलताना तिचा हात आखडता राहतो. तक्रारीचा निवाडा करणारी व्यक्ती उद्योगाबाहेरची असावी, रहिवाशांच्या संघांना संहितेच्या फेरआढाव्यात केवळ मत मांडण्यापुरते न बोलावता निर्णयात स्थान असावे आणि कोणत्या प्रकारच्या किती तक्रारी आल्या हे दर वर्षी प्रसिद्ध व्हावे, एवढे तीन बदल झाले तरी कागदाला धार येईल. शेजारच्या न्यूझीलंडने मुळातच वेगळा मार्ग धरला: तेथे २००३ च्या कायद्याखाली आचारसंहिता सक्तीची आहे आणि रहिवाशांच्या आर्थिक हितावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र वैधानिक पर्यवेक्षक नेमावा लागतो. मात्र तेथेही घर रिकामे केल्यावर पैसे किती मुदतीत परत मिळावेत यावरून वर्षानुवर्षे वाद चालू राहिला, हे लक्षात घेता सक्ती आली म्हणजे सारे सुटले असे मानता येत नाही.

महाराष्ट्राला हा विषय आता परका राहिलेला नाही, कारण पुणे आणि मुंबईच्या परिसरात ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प वाढत आहेत. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून ते विक्रीकरारात समाविष्ट करण्यास सांगितले. किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, स्नानगृहात आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी असा या निकषांचा भर मुख्यतः इमारतीच्या रचनेवर आहे आणि तो योग्यच आहे. मात्र जेवण, परिचारिका, देखभाल या सेवांचा करार अनेकदा विक्रीकराराहून निराळा असतो, आणि ठेव घेऊन राहण्याचा हक्क देणाऱ्या प्रकल्पात खोली रिकामी झाल्यावर ती ठेव किती दिवसांत, कोणत्या कपातींनंतर आणि कोणाच्या हाती परत येईल, याची अट त्या दुसऱ्या करारात शोधावी लागते.