जुनी फटफटी अडली? आधी प्लग काढून पाहा



फवारणीचा पंप मागे बांधला आहे, औषध आणलं आहे, वारा पडला आहे आणि नेमकी त्याच वेळी फटफटी किक मारून मारून दमवते. सकाळी डेअरीवर दूध पोचवायचं असेल तर हा खोळंबा थेट खिशाला लागतो. आपल्याकडे गावोगाव आजही जुन्या राजदूत, येझदी, बुलेट आणि सुरुवातीच्या काळातल्या हिरो होंडा शेतीच्या कामाला आहेत. आम्हा विस्तार अधिकाऱ्यांचाही निम्मा दिवस गाडीवरच जातो, म्हणून या वेळी पिकाऐवजी गाडीविषयी लिहीत आहे.

ऊस पिवळा पडला की लगेच युरिया टाकू नका, आधी मुळाशी पाणी साचलं आहे का ते पाहा, असं आम्ही नेहमी सांगतो. गाडीचंही तसंच आहे. गाडी अडली की कोणी कार्बोरेटर खोलतो, कोणी तालुक्याला जाऊन नवी कॉइल आणतो. पैसे जातात आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो. किक मारताना पायाला नेहमीसारखा दाब लागत असेल, तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट कमी आहे: पेट्रोल किंवा ठिणगी. कोणती कमी आहे हे प्लग सांगतो.

पाना हातात घेण्याआधी टाकीत पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का, तो रिझर्व्हला लावून पाहिला का आणि किल्ली पूर्ण फिरली आहे का, एवढं बघा. हसू नका, निम्म्या वेळा गाडी इथेच चालू होते.

नाही झाली, तर पाचसात किका मारा आणि लगेच प्लग काढा. त्याचं टोक कोरडं ठणठणीत असेल तर इंजिनात पेट्रोल पोचत नाही. ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतं आहे, ठिणगीचा संशय घ्यावा. टोकावर काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे. अशा वेळी चोक अर्धवट राहिला आहे का आणि एअर फिल्टर धुळीने बुजला आहे का, ते पाहा. मळणीच्या दिवसांत फिल्टर आठवड्याला झटकला तरी थोडंच. फिकट तांबूस, विटकरी रंगाचा कोरडा प्लग हे चालत्या गाडीचं चांगलं लक्षण.

आता ठिणगीची परीक्षा. इथे मात्र सावध राहा. गाडी गोठ्यापासून, कडब्याच्या गंजीपासून दूर उघड्यावर घ्या. पेट्रोलचा कॉक बंद करा. कुठे पेट्रोल सांडलं असेल तर ते पुसून वाळू द्या. प्लगच्या भोकावर फडकं दाबून ठेवा, कारण किक मारली की तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने ती पेट घेऊ शकते. प्लग त्याच्या टोपीत घाला, त्याचं लोखंडी अंग भोकापासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. हात टोपीच्या रबरावरच ठेवा, नाहीतर चांगला झटका बसेल. प्लग धातूला न टेकवता किक मारू नका. त्याने कॉइल आणि सीडीआयच्या गाडीत सीडीआय जळण्याची भीती असते.

निळसर पांढरी, टचटच वाजणारी ठिणगी चांगली. पिवळट, मरगळलेली ठिणगी अशक्त. ती अशक्त असली किंवा दिसलीच नाही, तर आधी माहितीतला चांगला प्लग लावून पाहा. घरात एक जादा प्लग असावाच. मग टोपी काढून वायरचं टोक तपासा. गाडी पंपाने धुतल्यावर टोपीत पाणी शिरतं, ते पुसलं की काम होतं. धान्याच्या खोलीत गाडी उभी राहत असेल तर टाकीखालच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का पाहा. खताची पोती गाडीवरून नेणाऱ्यांनी वायरींचे जोड वरचेवर पुसावेत. खताचे कण ओल धरतात आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो.

पॉइंटच्या गाडीत पॉइंटवर तेल किंवा जळकी काजळी आली की ठिणगी मरते. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून कोरड्या कापडाने पुसा. पॉइंट पूर्ण उघडल्यावर बुलेटला ०.३५ ते ०.४० मि.मी. फट असावी. ती डोळ्याने न मापता फीलर गेजने मापा. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो. गाडी थंडीत सुरू होते, पाचसहा किलोमीटरवर तापून बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालते, अशी तक्रार असेल तर कंडेन्सर आणि कॉइल या दोघांवर नजर ठेवा.

पण अशाच तक्रारीचं एक फुकटचं कारणही आहे. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. ते मातीने बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल उतरणं थांबतं. गाडी बंद पडताच झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर कॉइलचे पैसे वाचले म्हणून समजा.

प्लग कोरडा असेल तर नळी कार्बोरेटरकडून सोडवून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार अखंड यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी गंजाने भरली आहे. धार चांगली असेल तर कचरा कार्बोरेटरच्या वाटीत किंवा जेटमध्ये आहे. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका, छिद्र मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. सायकलच्या पंपाने हवा मारा. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर वाटीवर पान्याच्या दांड्याने हलकं टकटक करा, अडकलेली सुई बहुधा बसते. नाही बसली तर कॉक बंद करून मेकॅनिककडे जा.

बॅटरीचं थोडक्यात. जुन्या बुलेट, येझदीची ठिणगी बॅटरीवर अवलंबून असते, तेव्हा हॉर्न घोगरा झाला की समजावं. पाण्याची बॅटरी असेल तर तीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं पाणी नको. फ्रेमला जोडलेली अर्थिंगची वायर घट्ट हवी. फ्यूज उडाला की त्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणारे पुष्कळ आहेत. वायरिंग पेटतं ते असंच, आणि वर पेट्रोलची टाकी असते.

शेवटी इथेनॉलविषयी. पंपावर २०२५ पासून देशभर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच उसापासून, तसंच मका आणि तांदळापासून होतं, त्याचा आपल्याला आनंदच आहे. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात, पाझरतात. इथेनॉल ओलही ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं आणि कॉकमधून आधी तेच खाली येतं. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. नळीला बोटाने वाकवून भेगा दिसल्या तर ती लगेच बदला. घेताना दुकानदाराला सांगा, इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी नळी हवी. जुन्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळून चालणार नाही, ती पेट्रोलने सुटते आणि खाली तापलेलं इंजिन असतं.