संगणकाचा धंदा कोणता?

कारखाना बंद पडला की कामगाराची फंडाची पुंजी मुलाच्या धंद्यात जाते; म्हणून आम्ही कामगार चळवळीतील माणसे हा विषय मांडतो.

संगणक विकण्यात पैसा मालात अडकतो. नवे यंत्र निघाले की जुन्याचा भाव पडतो. दुरुस्तीला भांडवल थोडे, पण कसब हवे. तिसरी वाट खास सोलापूरची. आपली नक्षीदार चादर जॅकार्डवर निघते. फ्रान्समध्ये 1804 साली निघालेल्या या यंत्रात पुठ्ठ्याला भोक असेल तेथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथला खाली राहतो. ही नक्षी आज संगणकावर आखता येते, आणि गिऱ्हाईक पूर्व भागातच आहे. तेव्हा यंत्र घेण्याआधी दहा मागवाल्यांना विचारावे : नक्षी कोण करतो, मजुरी काय देता? उत्तरे मिळाल्यावरच पुंजीला हात लावावा.