ताटावरून उठवू नये

विक्रोळीला आमच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली आहेत. एक कालनिर्णय, दुसरं हिजरी तारखांचं. रोजे, ईद यांचा हिशेब दुसऱ्यावर चालतो. पण बरीच वर्षं मी ही दोन्ही कॅलेंडरं आणखी एका कामासाठी पाहतो. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला केव्हा जावं, हे मला त्यांच्यावरून कळतं.

रोहित म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो ते पक्षी. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे तिवरांचं जंगल आणि त्यापुढे खाडी. थंडीच्या सुरुवातीला हे पाहुणे येऊ लागतात आणि पावसाळा तोंडावर आला की जातात. ऐरोली आणि वाशी इथल्या पुलांच्या दरम्यानचा खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

आता कॅलेंडराचं काम सांगतो. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ ढोबळमानानं मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हिजरी तारखेत साधारण एक दिवस मिळवला की शुक्ल पक्षाची तिथी येते. चंद्र एकच, मोजणाऱ्यांची रीत वेगळी! पूर्ण ओहोटीला पक्षी चरत चरत दूर जातात, फोटोत नुसते ठिपके येतात. भरती उतरू लागली की मात्र काठाजवळचा चिखल आधी उघडा पडतो आणि पक्षी तिथे उतरतात. म्हणून दशमी-एकादशी मला सोयीची. भरती सकाळी साडेसात-आठच्या आसपास, त्यानंतर कोवळं ऊन आणि जवळ आलेले पक्षी, दोन्ही एकदम मिळतात.

ते तिथे येतात ते जेवायला. मान खाली घालून चोच उलटी करतात, चिखलपाणी आत ओढतात आणि चोचीतल्या बारीक दातेरी पट्ट्यांच्या चाळणीतून गाळून बाहेर टाकतात. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातो. मोठा रोहित बारीक किडे, कोळंबीसारखे जीवही टिपतो. त्यांचा गुलाबी रंगही याच अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. पिल्लं करड्या रंगाची असतात; पुढे खात खात ती गुलाबी होतात. हे जेवण खाडी सदासर्वकाळ वाढत नाही. चिखल उघडा किंवा उथळ पाण्याखाली असेल तेवढाच वेळ पंगत चालते.

हे सगळं मला आधी ठाऊक नव्हतं. तेव्हा मी नुकताच लांब पल्ल्याची लेन्स घेतली होती. आम्ही दोघं-तिघं हौशी मित्र भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडून खाडीकाठी जात असू. एके सकाळी थवा अगदी समोर होता. पण सगळ्यांच्या माना खाली. मला हवा होता उडता थवा, पंखांची आतली लाली आणि काळी किनार. शटर हजारांशावर लावलं, तासभर थांबलो आणि शेवटी जोरात टाळ्या वाजवल्या. शेकडो पक्षी एकदम उठले. फोटो झकास आला.

शेजारी एक म्हातारे कोळी जाळं आवरत होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘भाऊ, जेवत्या ताटावरनं कुनी उठवतं का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भुकेल्या माणसाला दस्तरखानावरून उठवू नये, हे मी लहानपणी घरात शिकलो होतो. पक्ष्यांना ते लागू आहे, एवढंच सुचलं नव्हतं. एकदा उडवलेला थवा पोटातलं बळ पंखांवर खर्च करतो, आणि तोवर पाणी कुणासाठी थांबत नाही. मे महिन्यात लांबचा प्रवास समोर असताना तर एकेक घास मोलाचा.

तो फोटो मी भिंतीवर लावला नाही. दुसऱ्यांना दोष देणं सोपं असतं. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरवर विमानाला धडकून जवळजवळ चाळीस रोहित मेले, तेव्हा आम्ही सगळेच हळहळलो. विमानाची वाट माझ्या हाती नाही. माझे दोन तळवे आहेत.

म्हणून नव्यानं कॅमेरा घेणाऱ्यांना मी लेन्सआधी चार गोष्टी सांगतो. भरतीची वेळ पाहून आधीच जाऊन बसा. भडक कपडे नकोत. चरणाऱ्या माना एकाएकी वर झाल्या, तर ती आपल्याला मिळालेली ताकीद समजा आणि मागे सरका. उडता थवा हवा असेल, तर पाणी चढण्याची वाट पाहा. पाणी वाढलं की ते आपणहून उठतात.

तसा फोटो मला पुढे तीन हिवाळ्यांनी मिळाला. थोडा हललेला आहे. भिंतीवर दोन कॅलेंडरांच्या मध्ये आता तो आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)