लॉयटर: विनाकारण उभं राहणाऱ्याचा गुन्हा कोणता?

२०२० च्या टाळेबंदीत मराठी वर्तमानपत्रांत एक मथळा गावाचं नाव बदलून रोज छापला जात होता: विनाकारण फिरणाऱ्यांवर कारवाई. साथीच्या दिवसांत त्याला कारण होतं. पण विनाकारण फिरण्याला गुन्हा ठरवायची रीत कोणत्याही साथीपेक्षा जुनी आहे, आणि इंग्रजीत अशा फिरण्या-थांबण्यासाठी एक क्रियापदच आहे. लॉयटर. आपल्याला ते बहुधा पाटीवर भेटतं. कॉलेजच्या जिन्यात, एटीएमच्या बाहेर, सोसायटीच्या फाटकावर ‘नो लॉयटरिंग’ लिहिलेलं असतं. काहीजण ते ‘नो लिटरिंग’ असं वाचून कचऱ्याची सूचना समजतात. तो घोळ लगेच मिटतो: लिटर म्हणजे कचरा टाकणं, लॉयटर म्हणजे काम नसताना रेंगाळणं. बाकीचे गैरसमज इतक्या सहज सुटत नाहीत.

सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणजे लॉयटर आणि टाइमपास एकच. शब्दार्थाच्या वहीत ‘वेळ वाया घालवणे’ या एका अर्थासमोर चार-पाच इंग्रजी क्रियापदं मांडली जातात आणि मुलं ती एकमेकांच्या जागी वापरतात. शाळेला निघताना मुलगी एकेक मोजा चढवायला दहा मिनिटं लावते, ते डॉडल. आयकराचं विवरणपत्र उद्या भरू म्हणत जुलै संपत आणणं, ते प्रोक्रॅस्टिनेट. दोन्हींत हाती काम आहे आणि ते लांबतंय. लॉयटरमध्ये काम असायलाच हवं असं नाही. त्यात हवी असते ती जागा: रस्ता, फलाट, जिना, दुकानाची पायरी. घरात सोफ्यावर लोळणारा लॉयटर करतोय असं सहसा कुणी म्हणत नाही. शिवाय आजच्या इंग्रजीत हे क्रियापद ‘वेळ’ हे कर्म घेत नाही. टाइम वेस्ट करता येतो, टाइम लॉयटर करता येत नाही.

पंधराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे. डगमगत, हलत राहणं अशा अर्थाच्या जुन्या डच शब्दापासून तो आला असावा, असं व्युत्पत्तिकोश सांगतात. मराठीत रेंगाळणं, घुटमळणं हे त्याला सर्वांत जवळचे. पण त्याच्या वापरात एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. ‘मी जरा रेंगाळलो’ असं आपण सहज म्हणतो. लॉयटर मात्र माणूस स्वतःबद्दल क्वचित वापरतो. रेंगाळणारा एक असतो आणि तसं म्हणणारा दुसरा, बहुतेकदा त्या जागेचा मालक, पहारेकरी किंवा पोलीस. या क्रियापदात बघणाऱ्याचा संशय मिसळलेला आहे, आणि त्या संशयाचाच पुढे कायदा झाला.

इथे दुसरा गैरसमज येतो: पाटी आहे म्हणजे रेंगाळणं हा गुन्हा असणारच. खासगी जागेत मालक तुम्हाला निघून जायला सांगू शकतो, तो भाग वेगळा. सार्वजनिक रस्त्यावर नुसतं उभं राहणं गुन्हा ठरवायचे प्रयत्न ब्रिटन-अमेरिकेत वारंवार झाले, आणि त्यांतले मोठे प्रयत्न मोडून पडले. ब्रिटनमध्ये १८२४ च्या व्हॅग्रन्सी अ‍ॅक्टच्या आधाराने पोलीस संशयावरून रस्त्यावरच्या माणसाला पकडू शकत. लोक या तरतुदीला ‘सस लॉ’ म्हणत. १९७० च्या दशकात ती कृष्णवर्णीय तरुणांवर फार मोठ्या प्रमाणात वापरली गेली. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात एप्रिल १९८१ मध्ये दंगल उसळली, त्यामागच्या संतापात हा कायदाही होता. तो रद्द करण्याची मागणी आधीपासूनच होती, आणि त्याच वर्षी संसदेने ती तरतूद काढून टाकली.

अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल शहराच्या नियमात तर ‘कायदेशीर कारणाशिवाय इकडून तिकडे भटकणारे’ आणि ‘सवयीचे रिकामटेकडे’ असे गुन्हेगारांचे प्रकारच होते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द केला. नियम इतका मोघम होता की कुणाला धरायचं हे पोलिसाच्या मर्जीवर राहत होतं. शिकागोने १९९२ मध्ये टोळ्यांना आळा घालण्यासाठी पुन्हा तसाच नियम केला. त्यात लॉयटरची व्याख्या होती: उघड दिसेल असा हेतू नसताना एका जागी थांबणं. तीन वर्षांत पोलिसांनी लोकांना पांगण्याचे ८९,००० हून अधिक आदेश दिले आणि ४२,००० हून अधिक माणसांना अटक केली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाही नियम घटनाबाह्य ठरवला. ‘उघड दिसेल असा हेतू’ ही अट मला सर्वांत अन्यायाची वाटते. मित्राची वाट बघणाऱ्या, पाय दुखले म्हणून टेकलेल्या किंवा वारा खात उभ्या असलेल्या माणसाचा हेतू कपाळावर लिहिलेला नसतो.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे असं काही नव्हतं, हा तिसरा गैरसमज. इंग्रजांनी १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि पारधी, कैकाडी यांसारख्या अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगाराचा शिक्का बसला. ज्यांचं जगणंच फिरण्यावर अवलंबून होतं, त्यांच्या फिरण्याचाच संशय घेतला गेला. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत राहायचं. सोलापुरात अशा वसाहतीचं ‘सेटलमेंट’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन झाला.

त्यानंतर सातच वर्षांनी मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या व्याख्येत भीक मागणारा तर आहेच, पण उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत भटकणारा किंवा थांबणारा माणूसही आहे, की तो भिकेवर जगत असावा असं वाटावं. म्हणजे त्याने हात पसरलेला नसला तरी चालतं, त्याचे कपडे पुरे होतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धतेची तरतूद त्यात होती. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. मुंबईच्या नावाने निघालेल्या कायद्याचा हा निकाल मुंबईत फारसा चर्चिला गेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

कायद्याच्या पुस्तकात नसलेली बंदीही असते, आणि तिच्याभोवती चौथा गैरसमज आहे: बायकांना रस्त्यावर उगाच थांबायला आवडतच नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच बरं. कुठल्याही शहरातली संध्याकाळची चहाची टपरी पाहा. दुचाकीला टेकून, ग्लास रिकामा झाला तरी अर्धा तास गप्पा मारणारे पुरुष दिसतात. एकटी बाई आली तर ती चहा घेता घेता मोबाइल काढते, पर्स पुढे घेते, रस्त्याकडे बघत राहते. आपण कुणाची तरी वाट बघतोय हे तिला दाखवावं लागतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या अशा वावराचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाई घराबाहेर दिसते ती कामाला, बाजाराला, मुलाला आणायला जाताना. काम नसताना नुसतं बाहेर असण्याचा हक्क तिला मिळत नाही, हे त्यांनी तपशिलाने दाखवलं. पहारेकऱ्यांचा शब्द त्यांनी हक्काचा म्हणून उचलला. पुढे मुंबईत काही तरुणी ठरवून रात्री भटकायला, बाकांवर बसायला बाहेर पडू लागल्या.

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. रस्त्यावर छेडछाड होते, हल्ले होतात. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. तेव्हा घर सुरक्षित आणि रस्ता धोक्याचा, अशी सरळ वाटणी करता येत नाही. उलट रस्त्यावर जितक्या जास्त बायका निवांत थांबतील तितकी पुढच्या बाईला तिथे थांबण्याची भीती कमी, असं या तिघींचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत. बसायला बाक, पुरेसा उजेड, उशिरापर्यंत उघडी बाग आणि स्वच्छतागृह. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, या भेदाविरुद्ध मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. पाणी न पिता घराबाहेर पडणारी बाई कुठे किती वेळ थांबू शकेल, हे आधी पुढचं स्वच्छतागृह किती लांब आहे यावर ठरतं.