स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्यांनो, कुत्र्याकडून शिका!

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे जन्मगाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजात जन्मलेल्या या महामानवाने आपल्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार, मुक्या प्राण्यांना अभय आणि दुःखी-निराशांना हिंमत ही तिन्ही कामे सांगितली. आज ज्याला 'थेरपी डॉग' म्हणतात, त्या उपचारसोबती कुत्र्याच्या कामात ही तिन्ही सूत्रे एकत्र येतात, असे आम्हाला वाटते.

हे श्रीमंतांचे खूळ नव्हे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे येणारा एक अबोल मुलगा त्यांच्या 'जिंगल्स' कुत्र्यामुळे मोकळा होऊ लागला. १९६२ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला आणि कुत्र्याला सहउपचारकाचा मान दिला. आपल्या महाराष्ट्रातही मीनल कविश्वर यांच्या 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन'ने विशेष मुलांसाठी असे काम उभे केले.

पण कुत्रा हे काम एकटा करीत नाही. त्याच्यासोबत त्याचा काळजीवाहक असतो आणि या दोघांच्या विश्वासावरच सारा उपचार उभा असतो. कुत्र्याचे लसीकरण, खाणेपिणे, विश्रांती हे सारे काळजीवाहकाने पाहायचे. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठांवरून जीभ फिरवू लागला, तोंड वळवू लागला की तो ताणाखाली आहे हे ओळखून काम तिथेच थांबवायचे. जो आपल्या मुक्या सोबत्याचा थकवा ओळखतो, तोच रोग्याचे न बोललेले दुःखही ओळखतो. जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात जिव्हाळ्याशी निगडित ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. म्हणजे आधार देणाऱ्यालाही आधार मिळतो.

या उपचाराचे मर्म काय? स्पर्श! आणि या देशात हजारो वर्षे बंदी होती ती स्पर्शावरच. मनुस्मृतीने कुत्री आणि गाढवे हीच चांडाळाची संपत्ती ठरवली. चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, पण आमच्या बापजाद्यांना तिथे मज्जाव होता. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. यात दोष मुक्या जनावराचा नव्हता, व्यवस्थेचा होता. बाबासाहेबांनी हा भेद नेमका जाणला होता. फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातील कौटुंबिक छायाचित्रात रमाई, यशवंत, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत त्यांचा लाडका टॉबी कुत्राही आहे. कुत्रा जवळ येताना जात विचारीत नाही. ती विचारतो तो माणूस!

आता प्रश्न काळजीवाहकाचा. रुग्णालयातल्या आया, वॉर्डबॉय, घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सारे करणारी माय किंवा सून, यांच्या पाठीवर हात कोण ठेवतो? अंजनगावाशेजारच्या अचलपूर तालुक्यात, वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना बापाचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु एकट्या माणसाच्या त्यागावर समाजाने किती काळ विसंबायचे? दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. तो भत्ता वाडी-वस्तीवरच्या गरजू घरापर्यंत पोहोचला पाहिजे. प्रशिक्षित कुत्रा हा डॉक्टरला किंवा भत्त्याला पर्याय नाही. तो त्यांच्या जोडीला हवा, आणि तोही केवळ मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी नव्हे, वऱ्हाडातल्या लेकरांसाठीही हवा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतला फरक सांगितला आहे. करुणा माणसापुरती असते, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते. काळजीवाहक आणि त्याचा कुत्रा यांच्या नात्यात ही मैत्री रोज आचरणात येते. ती माणसामाणसांत कधी येणार, एवढेच आम्ही विचारतो.